आवाज नसलेल्या गाडीनं पाडलेला दात

...नाही हो, किडलेला नव्हता! दवाखान्यात आल्यापासून जो तो विचारतोय, 'काय नवलभाऊ, कीड लागली का?' कीड नाही, कळ नाही, हलत नव्हता, दुखत नव्हता, धडधाकट दात होता, समोरचा, वरचा, उसाचं कांडं सोलायचा दात! तो पडला नाही, पाडला! कोणी पाडला ते विचारू नका, कारण दोन्ही बाजूंनी एकदमच आले. आणि वर गावभर बोंब काय, तर नवल पाटील स्वतःच्या मुलीच्या सुपारीत भांडणात पडला! तुम्हाला सांगतो, मी भांडणात पडलो नाही हो... मी फक्त मध्ये उभा होतो!

आणि कशावरून, विचारा ना. मानपान? नाही. जेवण? नाही. जमीन? नाही. इलेक्ट्रिकची स्पोर्ट्स गाडी तिच्या किमतीला परवडते का पेट्रोलची बरी, यावरून! आता मला सांगा, मी कारखान्यावर काट्यावर बसणारा माणूस, उसाची ट्रॉली आली की वजन बघायचं, गेली की रिकामी बघायची. माझ्याकडे एक स्कूटर, तीही किक मारून मारून गुडघा गेला. माझा आणि स्पोर्ट्स गाडीचा संबंध काय? काहीच नाही! पण दात कोणाचा गेला? माझा!

तुम्ही सगळे शहाद्याकडचे, तुम्हाला सुपारी काय ते सांगायला नको, पण ह्या कोपऱ्यातल्या ताई बाहेरच्या दिसतात. तर ताई, आमच्यात सोयरीक ठरली की सुपारी फोडतात. माझ्या सासुरवाडीची रीत म्हणजे पितळी ताट, ताटात तांदूळ, तांदळावर पितळी खल, खलात सुपारी. मुलीचा मामा आणि मुलाचा काका, दोघांनी एकच बत्ता धरायचा आणि फोडायची. अर्धी त्यांच्या देव्हाऱ्यात, अर्धी आमच्या, लग्न लागेपर्यंत. आणि सुपारी फुटेपर्यंत ताट खाली टेकवायचं नाही. टेकलं की सोयरीक मोडली! ताट धरायचं मुलीच्या बापानं, दोन्ही हातांनी. आमच्या रोहिणीबाईंनी, म्हणजे बायकोनं, सकाळीच दम भरला, "जीव गया तरी ताट खाले ठेवानं नही, समजनं का?" मी म्हटलं, समजनं. मला काय माहीत, जीव खरंच जायची वेळ येणार आहे!

आणि माझी काजल. एकच मुलगी. तिचं आणि म्हसावदच्या हितेंद्रचं कॉलेजपासून... म्हणजे आम्हाला माहीत नाही असं ती समजते आणि आम्ही तसं समजू देतो. दोन्ही घरं तयार करता करता माझे केस गेले. आदल्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, "पप्पा, उद्या काही गडबड नको हं." आयुष्यात त्या पोरीनं काही मागितलं नाही हो. सायकल मागितली नाही, मोबाईल मागितला नाही. मागितलं काय, तर गडबड नको. मी म्हटलं, बेटा, कारखाना कॉलनीचं मैदान आहे, मांडव घालून झालाय, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी सांगितली आहे, गडबड करायला आहे कोण?

आहे कोण! मुलीचा मामा आहे! हेमकांत, माझा साळा, सुरतेला साड्यांचा धंदा, आणि धंद्यापेक्षा तोंड मोठं. त्यानं घेतली इलेक्ट्रिकची स्पोर्ट्स गाडी. पोपटी रंगाची. दोन माणसं बसतात, तीही बसत नाहीत, निजतात. किंमत मला सांगवत नाही, तुम्हाला ऐकवणार नाही, एवढंच समजा की तेवढ्यात तापीकाठची दहा एकर बागायत आली असती, विहिरीसकट, केळी लावून! आणि मुलाचा काका, नवनीत, तो नाशिकला बिल्डर, त्याच्याकडे पेट्रोलची स्पोर्ट्स गाडी. लालभडक, वरचा टप उघडणारी. ती सुरू झाली की आमच्या कॉलनीतली कुत्री घरात शिरून पलंगाखाली बसतात. पोपटीच्या निम्म्या किमतीत आली म्हणे. आता हे दोन सांड एकाच मांडवात यायचे, एकाच बत्त्याला हात लावायला. मला आधीच कळायला पाहिजे होतं!

हेमकांत सुरतेहून निघाला तो फुल चार्जिंग करून. गप बसून यावं ना माणसानं? छे! नवापूरच्या पुढे प्रत्येक ट्रकला पिकअप दाखवत आला. विसरवाडीला चहाला थांबला, तिथे सगळ्या बसवाल्यांना, ट्रकवाल्यांना पिकअप दाखवला. असं दाखवत दाखवत सगळी चार्जिंग दाखवून झाली आणि कारखान्याच्या अलीकडे गाडी बसली. मग काय, उसाचा ट्रॅक्टर थांबवला, मागच्या ट्रॉलीला दोर बांधला, आणि मुलीचा मामा आला मांडवात... पुढे ट्रॅक्टर, मध्ये ऊस, मागे दहा एकर बागायत!

आणि गेटवरच्या गतिरोधकावर गाडी पोट टेकून अडकली. नवनीतकाका मागेच होते, त्यांनी पाहिलं आणि असे हसले, असे हसले, की हसता हसता त्यांचीही तिथेच अडकली! ऊसतोडीच्या माणसांनी दोन्ही गाड्या हातानं उचलून पलीकडे ठेवल्या. मी म्हटलं, चला, बरोबरी झाली, मिटलं. मिटलं कसलं! तिथेच सुरुवात झाली.

काका म्हणाले, "भो, हाई गाडी शे का मोबाईल? चार्जिंग सरनी का पडी ऱ्हास!"

हेमकांत व्याह्यांना म्हणाला, "अरे याही, तुन्ही गाडी पाणीसारखं पेट्रोल पेस! मन्ही दख, शून्यवरथून शंभर, डोळा मिटा, डोळा उघाडा, व्हयी गयं!"

काका म्हणाले, "शंभर करशी कथा? म्हसावदना रस्तावर? चाळीस करं तरी मणका तोंडमा येस!"

बरोबर होतं हो त्यांचं, मला पटलं. मग हेमकांत म्हणाला, इंजिन नाही, ऑइल नाही, गिअर नाही, मेकॅनिकचं तोंड बघायला नको, पाच वर्षांत पैसा वसूल. तेही बरोबर होतं, तेही पटलं. मला दोघांचं पटत होतं हीच माझी चूक! मी दोघांकडे बघून मान हलवत होतो, आणि काका म्हणाले, "दख, नवलभाऊ मन्हाकडथून शेत," आणि हेमकांत म्हणाला, "कसाले तुन्हाकडथून? मन्हा दाजी शेत त्या!" आणि एकानं माझा उजवा दंड धरला, दुसऱ्यानं डावा. म्हणजे सुपारीच्या आधीच मी मध्ये! मी पडलो नाही हो मध्ये, मला ठेवलं मध्ये!

बरं, गाडी आली, पण चार्जिंगचं काय? हेमकांतनं इकडेतिकडे बघितलं आणि मांडवाच्या मागे जो जनरेटर भकभक करत होता ना, डिझेलचा, त्याला लावली! पंखे बंद. स्पीकर बंद. गुरुजींचा माइक बंद. आणि काका टाळ्या वाजवत उठले, "वा रे इलेक्ट्रिक! डिझेलवर चालस! मन्ही गाडी पेट्रोल पेस, तुन्ही चोरीसन डिझेल पेस!" अख्खा मांडव हसला. हेमकांतचे कान लाल. तो माणूस लहानपणी गोट्या हरला तरी मातीत लोळायचा, रोहिणीनं सांगितलंय मला.

इकडे मुहूर्त आला. माझ्या हातात ताट. ताटात खल. पितळी खल, वजन काय विचारता, मी काट्यावरचा माणूस, मला वजन कळतं, हातात वासरू घेऊन उभा असल्यासारखं वाटत होतं! गुरुजी घसा फाडून म्हणाले, मामा या, काका या. काका आले. बत्ता हातात घेतला. आणि हेमकांत? हेमकांत गाडीत! म्हणाला, "एक मिनिट! याहीले पिकअप दाखाडस आणि येस!" काका म्हणाले, दाखव. आणि त्यांनी बाहेरूनच हात घालून स्वतःच्या गाडीला चावी मारली, आवाज काय असतो ते दाखवायला. भुर्रर्रर्रर्र! गुरुजींच्या मंत्राचा पत्ता नाही, तांदूळ ताटात नाचायला लागले. सगळे त्या लाल गाडीकडे बघतायत. आणि मागून...

काही नाही. मागून काहीच नाही! तेच तर सांगतोय ना तुम्हाला, आवाजच नाही त्या दुसरीला! पुढे जायच्या ऐवजी ती आली मागे. रिव्हर्स पडला का काय पडलं, देवाला माहीत! डोळा मिटा, डोळा उघाडा! आधी जनरेटरची वायर तुटली, मग कनात फाटली, मग आचाऱ्याचं मोठं पातेलं उडालं... वांग्याची भाजी, सगळ्या मांडवाची, तर्रीसकट, उकळती... आणि ती पडली कुठे? सांगा ना, कुठे? काकांच्या गाडीचा टप उघडा होता!

पेट्रोलच्या गाडीनं एकदा भुर्र केलं, एकदा फुर्र केलं आणि बंद पडली. सीटवर वांगी. स्टिअरिंगला शेंगदाण्याचा कूट. मग हितेंद्रची आई, प्रमिलाबाई, किंचाळल्या, "बाई बाई बाई! भाजी गयी वं! बठी भाजी गयी!" माऊलीला गाडीचं काही नाही, सगळी भाजी गेली त्याचं!

काका वळले. शांतपणे गेले आणि हातातला बत्ता, सुपारी फोडायचा बत्ता, पोपटी गाडीच्या काचेवर घातला. खळ्ळकन! तुम्हाला सांगतो, त्या गाडीचा मी ऐकलेला पहिला आवाज तो! दुसरा घातला दिव्यावर. तिसरा दारावर. हेमकांत बाहेर आला तो थेट काकांच्या गचांडीवर. "मन्ही गाडी फोडी! तुन्हं थोबाड फोडी टाकसू!" आणि हे सगळं कुठे चाललंय? माझ्या समोर. मी कुठे? मध्ये. हातात काय? ताट!

पहिली चपराक हेमकांतनं मारली काकांना. काका वाकले. मी वाकलो नाही, मी कसा वाकणार, ताट आहे ना! बसली मला. खाडकन! डावा कान गेला. दुसरी काकांनी मारली हेमकांतला, तो बाजूला झाला, बसली मला. उजवा कान गेला. मी ओरडतोय, "अरे माले नको मारा, मन्हा हातमा ताट शे!" रोहिणी पलीकडून ओरडतेय, "ताट सोडू नका!" अगं बाई, ताट सोडू नका काय, मला सोडवा कोणीतरी! तुम्हाला सांगतो, हातात ताट नसतं ना, तर त्या दोघांना एकाच दोरानं बांधून उसाबरोबर कारखान्याच्या गव्हाणीत, चरकाकडे लोटलं असतं!

मग मुलाकडचे उठले. मग मुलीकडचे उठले. खुर्च्या उडाल्या. प्लास्टिकच्या खुर्चीचं एक बरं असतं, पाठीवर फुटते आणि आवाज जास्त करते. मग कोणाची तरी नजर गेली मैदानाबाहेर उभ्या उसाच्या ट्रॉलीवर, आणि झालं! ज्याला मिळेल त्यानं ऊस उपसला. दोन-दोन हात लांब, ताजा, पाल्यासकट! मी जन्मभर उसाचं वजन बघितलं हो, पण खरं वजन पाठीवर पडल्यावर कळतं. माझे मोठे मेव्हणे मुलाच्या मावसभावाला हाणतायत, मुलाचा मावसभाऊ आमच्या शेजाऱ्याला हाणतोय, आमचा शेजारी कोणाचाच नाही, तो नुसताच हाणतोय, त्याचा जुना राग असेल कशावर तरी. दोघं तर मारामारी थांबवून तोच ऊस सोलून खात बसले! आणि मधोमध कोण? मी. ताट घेऊन. आरतीला उभा असल्यासारखा.

आणि मग ते दोघं आले, दोन्ही बाजूंनी, दोघांची मूठ वळलेली, दोघांचा नेम एकमेकांवर, आणि दोघांनी एकाच वेळी... काय सांगू तुम्हाला... डोळ्यांपुढे काजवे, कानात भुर्रर्र, तोंडात खारट. ताट हललं, पण सोडलं नाही! खाली बघतो तर खलात माझा दात. आणि सुपारी? सुपारी उडून तांदळात गेली होती.

तेवढ्यात शिट्ट्या! पोलीस! कोणी बोलावले? आमच्याच कोणीतरी फोन केला आणि काय सांगितलं? 'साहेब, लवकर या, सुपारीवरून मारामारी चालू आहे, सुरतेहून माणूस आलाय गाडी घेऊन!' आता साहेब नवीन. घाटाकडचे, कालपरवा बदलून आलेले. त्यांच्याकडे सुपारी म्हणजे एकच, माणूस उडवायची! दोन गाड्या भरून आले, बंदुका घेऊन. सगळे ऊस टाकून हात वर. मी एकटा हात वर करेना. कसा करणार? ताट!

साहेब गरजले, "सुपारी कोणी दिली?"

मी मुलीचा बाप. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मी दिली साहेब."

"कोणाची?"

"ह्यांच्या पुतण्याची."

साहेबांनी पिस्तुलावर हात ठेवला. "घेतली कोणी?"

नवनीतकाका सुजलेल्या तोंडानं म्हणाले, "आम्ही घेतली साहेब. सगळ्या घरानं. आनंदानं."

"सुरतेहून आलेला कोण?"

हेमकांत म्हणाला, "मी साहेब, मामा. फोडायला मीच आलोय."

"आणि काम कधी करायचं ठरलंय?"

प्रमिलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "उन्हाळामा, साहेब. पोऱ्याले तोपर्यंत सुट्टी नही."

साहेबांचा शिपाई पुढे आला आणि दांडका उगारला, हेमकांतवर. हेमकांत सरकला. बसला कोणाला? सांगायला पाहिजे का? मी मध्ये उभा होतो हो!

आणि मग माझी काजल पुढे आली. शालू भाजीनं माखलेला, केसात उसाचा पाला. तिनं दांडका धरला, साहेबांकडे बघून म्हणाली, "साहेब, ही लग्नाची सुपारी आहे. माझ्या लग्नाची. हे माझे पप्पा, हे ताट खाली ठेवलं की माझं लग्न मोडेल म्हणून एवढा मार खाऊन उभे आहेत. ह्यांना आता कोणी हात लावला तर मी त्याला ह्याच खलानं मारीन." आणि मग रडली हो. हुंदका देऊन. म्हणाली, "मी एकच मागितलं होतं, पप्पा." तिकडे हितेंद्रनं मान खाली घातलेली, त्याच्याही डोळ्यांत पाणी. मला तिथे खरंच लागलं. एवढ्या चपराका, मुठी, ऊस, दांडका, कशानं नाही लागलं तेवढं त्यानं लागलं.

साहेब माणूस चांगला. मुलीचा बाप असावा. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला, आणि ओरडले, "कुठंय तो मामा? कुठंय काका? धरा तो बत्ता! आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर फोडा, नाहीतर दोघांनाही फोडून काढतो!"

दोघं आले. मामाचा डावा डोळा बंद, काकांचा उजवा बंद, उरलेले दोन पाण्यानं भरलेले. दोघांनी बत्ता धरला. मी खाली बघितलं. खलात दात. मी म्हणायला गेलो, "थांबा..." पण समोरचा दात नसला की 'थ' निघतच नाही, नुसती हवा जाते. त्यांना वाटलं बाप आशीर्वाद देतोय. आणि घातला की हो बत्ता! कट्!

"फुटली! फुटली!" टाळ्या, अक्षता, बँड सुरू. गुरुजींनी एक तुकडा त्यांच्या कापडात बांधला, एक आमच्या. दोन्ही याही गळ्यात पडून रडायला लागले. काजल हसली. तुम्हाला सांगतो, त्या पोरीला असं हसताना बघितलं आणि मी तोंड मिटलं. सुपारी हळूच तांदळातून उचलली, खिशात टाकली, आणि मग ताट खाली ठेवलं. हे बघा, अजून खिशातच आहे. अख्खी! ताई, बाहेर बोलू नका हं, उन्हाळ्यापर्यंत.

डॉक्टर काल काय म्हणाले? म्हणे, पडलेला दात जपून ठेवला असेल तर घेऊन या, बघू काय करता येईल. जपून? अहो, दात अर्धा आमच्या देव्हाऱ्यात, अर्धा म्हसावदला, दोन्हीकडे रोज हळदकुंकू वाहतात! रोहिणी रोज सकाळी त्याच्या पाया पडते. माझ्या कधी पडली नाही, माझ्या दाताच्या पडते!

आता तुम्ही म्हणाल, नवलभाऊ, मग घ्यावी कोणती, इलेक्ट्रिक का पेट्रोल? दोन्ही गाड्या त्या दिवशी ट्रॉलीवर चढवून माझ्याच काट्यावरून गेल्या. वजन बघितलं मी. इलेक्ट्रिकवाली भारी भरली, पेट्रोलची वांग्यासकट हलकी. पण वजनानं काय होतं? माझं स्पष्ट मत ऐका. पेट्रोलची अंगावर आली तर आधी ऐकू येतं, माणूस पळू शकतो. इलेक्ट्रिकची कधी आली, कधी गेली, कळत नाही. किंमत त्याचीच घेतात, न कळण्याची.

आणि काल रात्री हेमकांतचा फोन. गाडीला नवीन काच बसली म्हणे. म्हणाला, "दाजी, वरात मन्ही गाडीमा, आताच सांगी ठेवस." फोन ठेवला तर नवनीतकाकांचा. वांगी धुऊन निघाली म्हणे. "याही, वरात आम्हनी लाल गाडीमा निंघी, आवाज व्हवाले पाहिजे!" मी दोघांनाही म्हटलं, हो. काय म्हणणार? वरातीत एका बाजूला हा चालणार, दुसऱ्या बाजूला तो, आणि मुलीचा बाप चालतो कुठे?

...आं? मला बोलावलं? आलो, आलो! डॉक्टर, तो एक दात बसवायचं राहू द्या. अख्ख्या कवळीचंच माप घेऊन ठेवा.